स्टेर्यूबाबांशी भांडायचं वेळापत्रक

मंगळवार, ३ नोव्हेंबर १९९८, सकाळचे साडेनऊ. ठिकाण: डिंगोरे गावाच्या खालच्या अंगाला तात्या नावाच्या शेतकऱ्याचं बाजरी काढलेलं रान. हजर: मी (पशुधन पर्यवेक्षक), सखाराम कारभारी (मेंढपाळ, मूळ मुक्काम पारनेरकडे), त्यांच्या पत्नी ठकूबाई, परदेशी पाहुण्या झोई, ज्यांना दुपारपर्यंत सगळे जाईबाई म्हणू लागले, त्यांचे वडील स्टेर्यूबाबा, दोन घोड्या, तीन कुत्री, आणि कारभाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे पंधरा खंडी मेंढ्या. खंडी म्हणजे वीस. मी मोजल्या तेव्हा तीनशे सतरा भरल्या, पण ते कारभाऱ्यांना सांगितलं नाही, कारण मेंढरं मोजलेली त्यांना खपत नाहीत. गैरहजर: डॉक्टरसाहेब. ते पाहुण्यांना जीपमधून सोडून, पाच मिनिटं मेंढ्यांकडे कौतुकाने पाहून मीटिंगला गेले.

ही नोंद माझ्या डायरीतून जशीच्या तशी उतरवली आहे. नोकरीतल्या अनुभवांवर लिहा, असं दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी डायऱ्या काढून बसलो. बरेचसे अनुभव गाईच्या मागच्या बाजूला घडलेले निघाले. ते फराळाबरोबर वाचण्यासारखे नाहीत.

पशुधन पर्यवेक्षक म्हणजे कोण, हे आधी सांगतो. जनावर आणि डॉक्टर यांच्या मधला माणूस. लस टोचणं, जंताचं औषध पाजणं, बैलाचं खच्चीकरण, गाईचं कृत्रिम रेतन आणि या सगळ्याचे तक्ते भरणं. आम्हाला सगळं गाव डॉक्टर म्हणतं, फक्त डॉक्टर म्हणत नाहीत. गिऱ्हाईक कसं येईल सांगता येत नाही. एकदा घाटघरहून एक गृहस्थ काखेत कोंबडी घेऊन आले. म्हणाले, ही चार दिवस खात नाही, उदास आहे. मी चोच पाहिली, पंख पाहिले, काही सापडेना. शेवटी कळलं की हिच्या जोडीचा कोंबडा शेजाऱ्याने पाहुणचारात कापला होता. औषध कोणाला द्यायचं, यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं.

पण तालुक्यात माझं नाव होतं ते एका यादीमुळे. दिवाळीच्या सुमारास पारनेरकडचे मेंढपाळ कळप घेऊन निघतात. निरगुडसर, मग आमचा भाग, मग घाटघरवरून नाणेघाटाने खाली कोकणात. पावसाच्या तोंडावर परत. बरोबर चालणाऱ्या चार-सहा घरांना आणि त्यांच्या मेंढ्यांना मिळून ते वाडा म्हणतात. पंधरा माणसं, दोन घोड्या, जाळ्यांचं कुंपण आणि चूल, हा त्यांचा वाडा, आणि तो रानोरान चालत असतो. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतात. तीन रात्री मेंढ्या बसल्या की लेंड्या-मुताने रान असं होतं की पुढची दोन पिकं हसत येतात. मोबदल्यात धान्य. ‘माझ्याकडं आधी’ यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे. लसीसाठी मला प्रत्येक वाड्याचा ठावठिकाणा लागायचा, म्हणून मी यादी ठेवायचो: कोणता वाडा, कोणत्या तारखेला, कोणाच्या रानात. हळूहळू शेतकरी ती यादी बघायला दवाखान्यात येऊ लागले. लग्नाच्या स्थळासारखी चौकशी चालायची.

म्हणूनच पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं, परदेशी पाहुण्यांना फिरत्या मेंढपाळांसोबत दोन आठवडे राहायचं आहे, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी ते न वाचता माझ्याकडे सरकवलं.

झोई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, वय पस्तिशीचं. तिचं इंग्रजी चांगलं होतं. माझं औषधाच्या बाटलीवरचं. तरी मी प्रश्नांची यादी करून गेलो होतो, त्यामुळे पहिल्या तासात बरंच कळलं. ते ग्रीसमधले, पण भाषेने ग्रीक नव्हेत. त्यांचे लोक स्वतःला आर्मान म्हणवतात, बाकीचे त्यांना व्लाख म्हणतात. भाषा लॅटिनच्या घरातली, रोमानियाच्या भाषेची चुलत बहीण. हे लोक ग्रीस, अल्बेनिया, मॅसिडोनिया, रोमानिया असे थोडे थोडे सगळीकडे आहेत, पण त्यांचा म्हणावा असा देश कुठेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरावर, थंडी पडली की खाली मैदानात. बाया, पोरं, सामान लादलेली खेचरं, सगळं बरोबर. एकत्र चालणाऱ्या घरांना ते फल्कारे म्हणतात, आणि फल्कारेच्या प्रमुखाला चेल्निक.

हे मी कारभाऱ्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं.

“म्हंजी चेल्निक म्या,” ते म्हणाले. “अन् यांचं राज्य कुठलं?”

“राज्य नाही.”

“तालुका?”

“नाही.”

“मंग आपल्यातलीच की राव ही माणसं. बसा पावणं.”

आता झोईचं काम. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. स्टेर्यूबाबा आपल्या भाषेत बोलायचे ते बायकोशी. ती गेली आणि त्यांनी ती भाषा बंद केली, दुकान बंद करावं तशी. लेकीशी ते ग्रीकमध्ये बोलत, आणि तेही दुकानदाराशी बोलल्यासारखं, भाकरी आण, दार लाव. झोईला ती भाषा अर्धीमुर्धी समजे. तिच्या शाळेतल्या मुलांना ‘मेंढी’सुद्धा येत नव्हतं. मेंढ्या, वाडगं, चीज, वाट, यांचे शब्द वडिलांच्या तोंडून उतरवून घ्यायचे, असं तिने ठरवलं. बाबा म्हणाले, मेंढ्या राहिल्या नाहीत, शब्द कशाला सांभाळायचे? तिकडे आता मेंढ्या ट्रकने जातात. म्हणून जिथे त्या अजून पायी चालतात तिथे तिने त्यांना आणून बसवलं. बरोबर टेपरेकॉर्डर, बारा कॅसेट आणि दोन आठवड्यांची रजा.

हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “शब्द मिळाले तर चांगलंच. पण आई गेल्यापासून त्यांनी मला आमच्या भाषेत एकदाही हाक मारलेली नाही.”

मी रात्रीतून एकशेवीस ओळींचा तक्ता आखून आणला. मेंढी, मेंढा, कोकरू, गाभण मेंढी, भाकड मेंढी, घंटा, खूर, लोकर, असा क्रम लावून. तक्ता पाहून तिचा चेहरा असा फुलला की माझ्या आखीव कामाचं इतकं कौतुक घरीदारी कधी झालं नव्हतं.

पहिले चार दिवस तक्ता कोरा. बाबा पालथ्या पाटीवर बसत, काठीच्या टोकावर हनुवटी ठेवून मेंढ्यांकडे बघत. सहा फूट माणूस, पांढऱ्या मिशा, काळा कोट. झोई घंटा दाखवून विचारी, ते ग्रीकमध्ये उत्तर देत. टेप फिरत राही आणि तिच्यावर मेंढ्या बोलत. यंत्र फुकट चाललंय हे कारभाऱ्यांना बघवेना, म्हणून त्यांनी स्वतःच त्यात भावकीतल्या बांधाची हकिकत सांगितली. दोन कॅसेट भरल्या. बांध अजून तिथेच होता.

शनिवारी, सात तारखेला, मी लसीची बर्फाची पेटी घेऊन पोहोचलो तर लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. कारभारी पुढचं रान ठरवायला गावात गेले होते, गडी मेंढ्या घेऊन चरायला. जाळीत फक्त व्यालेल्या मेंढ्या, कोकरं आणि ठकूबाई.

झालं होतं असं. बाबांच्या मुलखात मेंढी म्हणजे आधी दूध. सकाळी मेंढ्यांना एका अरुंद दारातून एकेक करून काढतात, मागे बसून धार काढतात आणि चीज करतात. त्या दाराला, त्या जागेला स्त्रुंगा म्हणतात, हे नंतर कळलं. इथे चार दिवस भरल्या कासेच्या मेंढ्या डोळ्यांदेखत फिरताहेत आणि कोणी धार काढत नाही, हे त्यांच्याच्याने बघवेना. आपल्याकडे मेंढीचं दूध कोकराचं. वाटलं तर चहापुरतं काढतील, तेही कोकरू पिऊन झाल्यावर. बाबांनी ठकूबाईंचं जर्मनचं पातेलं उचललं आणि मेंढीच्या मागे बसून, कोकरं सोडायच्या आधी, आठ मेंढ्या पिळल्या.

ठकूबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा पातेल्यात दीड लिटर दूध होतं आणि कोकरं उपाशी ओरडत होती. इथपर्यंतही निभावलं असतं. पण चीज लावायला दूध पिणाऱ्या कोकराच्या पोटातलं विरजण लागतं, म्हणून बाबांनी दोन दिवसांच्या कोकराकडे बोट दाखवलं आणि त्याच बोटाने स्वतःच्या पोटावर आडवी रेघ ओढली.

ठकूबाईंनी घागर खाली ठेवली आणि काठी घेतली.

मी पोहोचलो तेव्हा दोघं समोरासमोर उभी होती. ठकूबाई त्यांच्या छातीला लागत होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लेकराच्या तोंडचं काढून वर त्याचंच पोट फाडायला निघालेलं म्हातारं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि पाहुणा नसता तर त्याला ओढ्यात बुडवलं असतं. बाबांचं म्हणणं मला कळत नव्हतं, पण लांबलचक होतं. कासेकडे, कोकराकडे, कुत्र्याकडे, जाळीकडे हात करकरून ते बोलत होते. मी पेटी ठेवून मध्ये पडायला निघालो तर झोईने माझी बाही पकडली. तिच्या हातात टेपरेकॉर्डर होता आणि डोळे भरले होते.

“थांबवू नका,” ती म्हणाली. “हे ग्रीक नाही.”

सव्वीस वर्षांच्या सरकारी नोकरीत भांडण चालू ठेवायची विनंती मला त्याच दिवशी झाली. मी ठकूबाईंना म्हणालो, “ठकूबाई, जरा चालू द्या.”

“म्या काय थांबती व्हय?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा वळल्या.

चाळीस मिनिटं चाललं. संध्याकाळी झोईने टेप ऐकून तक्त्यात एकवीस शब्द भरले. त्यात कोकरू, कास, विरजण, आळशी बाई आणि बिनकामाचं कुत्रं हे पक्के होते.

मग माझं डोकं चाललं. म्हाताऱ्याला विचारलं की गप्प बसतो, चुकीचं काम दिसलं की बोलतो. तेव्हा चुकीची कामं पुरवायची. मी ठकूबाईंना सगळं समजावून सांगितलं, बायको गेल्यापासून बंद पडलेली भाषा, लेकीची ओढ. त्यांनी काडीने चुलीतली राख पुढे ओढली. मग म्हणाल्या, “एवढंच व्हय? चुकायला काय लागतंय. आमच्या कारभाऱ्यांकडनं शिकीन.”

मी वेळापत्रक केलं. रविवार सकाळ: घोडीवरचं ओझं एका अंगाला जास्त. दुपार: खुरं उलट्या बाजूने छाटणे. सोमवार: लोकर शेपटीकडून कातरायला घेणे. मंगळवार: घंटा बुजऱ्या मेंढीच्या गळ्यात बांधणे. शेजारी शब्दांचे रकाने. ठकूबाईंनी यात जो जीव ओतला तो तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत मी पाहिला नाही. रोज गेलं की आधी त्यांचा प्रश्न: “डाक्टर, आज काय चुकायचं हाय?” त्या घोडीवर सगळी भांडी एकाच बाजूला लादत आणि ओवी म्हणत चार पावलं चालत. बाबा पाटीवरून उठत, कपाळावर हात मारत, आणि सुरू. ओझ्याच्या दोरीला हे म्हणतात, गाठीला ते, आणि अशी गाठ मारणाऱ्या बाईला आणखी काही, जे झोईने मला सांगितलं नाही. टेप चालू. मी झाडाआड उभा राहून, त्यांचा हात ज्या वस्तूकडे जाई तिच्या शब्दावर बरोबरची खूण करायचो.

तात्याही खूश होते. भांडणापायी वाडा हलायला दोन दिवस उशीर झाला आणि त्यांच्या रानाला दोन रात्री जास्त मिळाल्या. ते मला हळूच म्हणाले, “सायेब, म्हाताऱ्याला अजून थोडं चिडवा की.”

गुरुवारी, बारा तारखेपर्यंत, एकशे चार शब्द झाले. मी इतका खूश होतो की त्या दिवशी झाडाआड राहायचं विसरलो. ठकूबाईंनी मेंढीला भलत्याच अंगावर पाडलं, बाबा तावातावाने बोलू लागले, आणि मी त्यांच्या मागे तीन पावलांवर उभा राहून खुणा करत होतो. ते बोलता बोलता वळले. माझ्या हातातला कागद त्यांनी घेतला. मराठी त्यांना येत नव्हती. पण खुणा कोणत्याही मेंढपाळाला वाचता येतात. त्यांनी बोटाने त्या वरून खालपर्यंत मोजल्या, ठकूबाईंकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. कागदाची नीट घडी घालून मला परत दिला आणि पाटीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले.

ते ग्रीकमध्ये एवढंच म्हणाले, असं झोईने सांगितलं: “मी बकरा नाही, मीठ दाखवून चालवायला.”

त्यानंतर दोन दिवस ते कोणत्याच भाषेत बोलले नाहीत. ठकूबाईंनी जेवणाचं ताट नेऊन ठेवलं तर तोंड फिरवलं. दोष माझा होता. कागद खिशात ठेवून खुणा घरी करता आल्या असत्या. पण मला काम झालं की तिथल्या तिथे खूण केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि या सवयीचा तोटा मला त्या आठवड्यात पुरता कळला. झोई मला म्हणाली की एकशे चार पुष्कळ आहेत. म्हणाली, पण तिचा आवाज पाहुण्यांना निरोप देताना असतो तसा होता.

शनिवारी, चौदा तारखेला वाडा घाटघरला पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या नाणेघाटाने खाली उतरणार होत्या आणि पाहुण्यांची जीप पुण्याला जाणार होती. टेपरेकॉर्डर पिशवीत भरून झाला होता. मी निरोपाला गेलो होतो, हातात कागद न घेता.

दुपारी एक पहिलटकरीण मेंढी व्याली आणि कोकराला जवळ घेईना. कोकरू कासेला लागलं की लाथ. हे वेळापत्रकात नव्हतं. ठकूबाईंनी मेंढीला खुंटीला बांधलं, तिचंच दूध कोकराच्या पाठीला चोळलं, आणि घशातून एक आवाज काढायला लागल्या. शब्द नव्हे, गाणं नव्हे. तो ऐकला की मेंढी कान हलवते आणि निवत जाते, असं मी पूर्वी पाहिलं होतं. त्या दिवशी ती निवेना. अर्धा तास गेला. कोकराचे पाय लटपटू लागले. ठकूबाई कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “जातंय आता ह्ये.”

बाबा उठले. त्यांनी एका कुत्र्याला मानेला धरून ओढत आणलं आणि मेंढीच्या नाकासमोर, कोकरापासून हातभर अंतरावर उभं केलं. मेंढी फुसफुसली, पाय आपटला, आणि कुत्र्याकडे डोकं रोखून कोकराच्या वर जाऊन उभी राहिली. पोटाखालचं कोकरू धडपडत कासेला लागलं. मेंढी हलायला लागली तशी बाबांनी तिची मान धरली आणि खांद्यावरून मागे न बघता काहीतरी म्हणाले. बारीक आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

झोई जागची हलेना. तिने मला सांगितलं नाही, मीच विचारलं, काय म्हणाले?

“ये गं पोरी,” ती म्हणाली, “हिचा मागचा पाय धर.”

पिशवी चार पावलांवर होती. टेपरेकॉर्डर वरच होता. ती पिशवीकडे गेली नाही. जाऊन मेंढीचा पाय धरला. दोघं तशीच वाकून बसली आणि बाबा बोलत राहिले. मध्ये एकदा बापलेक हसली. कोकराचं पोट भरलं तरी उठली नाहीत. ते आईविषयी बोलत होते, एवढंच झोई नंतर म्हणाली. आणि हे की, आईपण ठकूबाईंसारखा आवाज काढायची, पण तिचा मेंढ्या ऐकायच्या. हे मी ठकूबाईंना मुद्दाम सांगितलं नाही.

ठकूबाई कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकत म्हणाल्या, “ही युगत न्हाई मला म्हाईत व्हती.” मग पातेलं आणून बाबांपुढे ठेवलं. “एकच मेंढी. अन् पिल्लू प्याल्यावर.” बाबांनी एक मेंढी पिळली. चीज झालं नाही, सगळ्यांचा चहा झाला.

त्या दुपारच्या दोन तासांची माझ्या डायरीत नोंद नाही.

झोईचं पत्र २००२ साली आलं. आदल्या थंडीत बाबा गेले. त्यांच्या उन्हाळ्याच्या गावात ती आता सुट्टीत मुलांना ती भाषा शिकवते. भांडणाच्या कॅसेट लावल्या की मुलं हसून लोळतात आणि आळशी बाईचा शब्द एकमेकांना म्हणतात. पत्रासोबत दोन कोऱ्या कॅसेट होत्या. तिने लिहिलं होतं की ठकूबाईंचा तो आवाज आणि त्यांचे शब्द कोणी टेप केलेत का? नसतील तर तुम्ही करा. तुमच्याइतकं पद्धतशीर माणूस मला दुसरं माहीत नाही.

मी त्याच दिवशी कामांच्या यादीत लिहिलं. २००३ला वाडा निरगुडसरला होता तेव्हा माझी कुटुंब कल्याण शिबिरावर नेमणूक. पुढच्या वर्षी बिबट्याच्या भीतीने त्यांनी वाट बदलली. २००५ला गाठ पडली तर ठकूबाईंचा घसा बसलेला. म्हणाल्या, “पुढच्या खेपेला या, डाक्टर, मोकळ्या गळ्यानं बोलीन.” पुढच्या खेपेला त्या वाड्याबरोबर नव्हत्या. गुडघे गेले, म्हणून आता पारनेरकडच्या घरीच असतात. या दिवाळीआधी कारभारी भेटले. म्हणाले, मेंढरं समोर नसली की ती कुणाशी बोलतच नाही.

पुतण्याकडून जुना टेपरेकॉर्डर मागून आणला आहे. सेल नवीन घातले, फिरवून पाहिला, चालतो. गावाचा पत्ता, एसटीची वेळ, सगळं लिहून घेतलं आहे. जायचं राहिलं आहे.